व्याह्यांची वाळू

"सरी, ठीक. आणखी कशाला लागतं?" समोरची वस्तू दोन बोटांत धरून, चष्मा कपाळावर सारून रायर विचारायचे. वेस्ट मांबलममधले आमचे हे तंजावरी मराठी शेजारी मद्रास बंदरात परदेशी जाणारा माल तपासत. प्रश्न नोकरीतला, पण घरीही सुटत नसे. बायकोने नवी किसणी आणली, तरी तोच.

"खोबरं किसायला. आणि तुमचं डोकं."

मी तेव्हा जहाजावर माल चढवणाऱ्या एका कंपनीत कारकून होतो, आणि झोळीत अणुबाँबविरोधी पत्रकं घेऊन हिंडत होतो. किनाऱ्यावरच्या वाळूत पिवळसर कण असतात, त्यांतलं थोरियम गॅसबत्तीच्या मँटलला लागतं आणि अणुभट्टीलाही, हे मला रायरांनीच सांगितलं. म्हणून ते कण परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ देत नसत.

"मग सगळीच वाळू बंद करा," मी गरजलो.

"आणि काच कशाने घासायची रे? तुझ्या पत्रकाने?"

त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्याचे वडील काच घासायची तांबडी वाळू परदेशी पाठवत. नेमका त्यांचाच माल रायरांपुढे आला. कागद घेऊन मीच गेलो होतो, सोबत ते व्यापारी वडीलही.

"सोयऱ्यांचा माल तुम्ही तपासणं तत्त्वात बसत नाही," मी रायरांना बाजूला घेऊन म्हणालो.

"वरच्या साहेबाला सांगितलं. तो म्हणतो, सोयरीक अजून झाली नव्हे, तपासा."

व्यापारी हसत पुढे आले. "रायर, आता आपण घरचेच."

"म्हणून तर नीट बघतो."

नमुन्यात पिवळे कण निघाले. किनाऱ्यावरच्या कंत्राटदाराने वाळू नीट निवडली नव्हती. व्यापाऱ्यांना पत्ताही नव्हता. माल अडला. जहाज गेलं.

रविवारी व्यापारी मुलाला घेऊन रायरांकडे आले. मीही तिथे होतो. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. कॉफी आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपला टंबलर दूर सारला. "या घरचं पाणीही नको," म्हणाले, आणि उठले. रायर मान खाली घालून बसले.

मुलाने आपली कॉफी संपवली. मग वडिलांचा टंबलर ओढला, खालच्या वाटीत, दवऱ्यात ओतून सावकाश गार केली आणि तीही प्यायला.

"ती माझी होती," वडील म्हणाले.

"मग दुसरी मागा, अप्पा. वाळू पुन्हा निवडता येईल."

व्यापाऱ्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग बसले. "साखर कमी घाला," एवढंच म्हणाले.

पत्रकांत अशी माणसं मला कधी भेटली नाहीत. वाचकहो, तुम्हाला भेटली असतील. रायर आता कोचीनला बदलून गेलेत. डोळ्यांपुढे येतात ते त्या रविवारचे: कॉफी सांगायला स्वतःच धावत निघालेले, धोतराचा सोगा दाराच्या कडीत अडकलेला, मुलगी तो सोडवतेय आणि हे मात्र आत ओरडून सांगताहेत, "साखर दोन चमचे, गं. नव्हे, तीन."