हे म्हणून राहिले

मी आयुष्यात जेवढी माती खाल्ली, ती सगळी तोंड उघडं ठेवल्यामुळं. त्यातल्या गमतीच्या गोष्टी नातवंडांना सांगते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना पालक समजून ‘पोराची नखं कापत जा’ म्हणून मी झापलं होतं, ती तर त्यांना पाठ आहे. एक मात्र सांगत नाही. एका बाईची मी तोंडभरून स्तुती केली, आणि नवऱ्यामागं तिला जे मिळायचं होतं ते त्या स्तुतीपायी गेलं. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तरीण, आणि गल्लीत शहाणी म्हणून नाव. ते नाव मीच पसरवलेलं होतं.

ती आमच्या समोरच्या घरात राहायची. नवरा विमा एजंट, म्हणून गल्ली तिला एजंटीणबाई म्हणायची. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, आणि बहुतेक तिथंच होतं.

तिची एक लकब होती. कोणतंही बोलणं ती स्वतःच्या नावावर घेत नसे. “हे म्हणून राहिले,” इथून वाक्य सुरू. “हे म्हणून राहिले, यंदा मिरची आताच घेऊन ठेवा.” “हे म्हणून राहिले, ताईचा चेहरा उतरून राहिला.” ‘हे’ त्या वेळी मोपेडवरून मोहगावला पोचून कोणाच्या तरी अंगणात विम्याचे फायदे सांगत बसलेले असायचे. माझ्या चेहऱ्याशी त्यांना काय घेणंदेणं. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. अक्कल स्वतःची असते आणि शिक्का नवऱ्याचा मारतात. मी तिला खूप हसायचे. माझा नवरा काय म्हणतो हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण मी त्याला म्हणूच द्यायचे नाही.

मग तिच्या नवऱ्याला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. नागपूरला दोन महिने काढून आणला, तेव्हा घरात दागिना राहिला नव्हता आणि मुलगी नुकतीच छिंदवाड्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागली होती.

एजंटीचा कायदा मला तिनंच समजावून सांगितला. लोक जुन्या पॉलिसीचे हप्ते भरत राहतात तोवर एजंटाला कमिशन येत राहतं. एजंट मेला तर ते वारसाला, म्हणजे बायकोला मिळतं. पण त्यासाठी एजंटी चालू असावी लागते. दर वर्षी ठरलेल्या इतक्या नव्या पॉलिसी आणल्या नाहीत तर एजंटी बंद, आणि मग बायकोला काही नाही.

“डॉक्टर म्हणते, यांचं काही खरं नाही,” ती म्हणाली. मग पदर खोचला. “हे म्हणून राहिले, एजंटी जिवंत पाह्यजे.”

‘हे’ आतल्या खोलीत छताकडं पाहत पडले होते.

तिनं मोपेड शिकून घेतली. आमच्या शाळेच्या मैदानावर रविवारी, पोरं खिदळत असताना. दोनदा पडली, तिसऱ्यांदा सरळ सौंसर रोडला लागली. नवऱ्याला रोज सकाळी अंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून, खिशाला पेन लावून ती खिडकीतल्या खुर्चीवर बसवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला एजंट जागेवर दिसला पाहिजे. गिऱ्हाईक आलं की ती त्याच्याजवळ स्टुलावर बसायची, त्याच्या तोंडाकडं एकदा बघायची आणि बोलायला लागायची.

एक म्हातारा संत्रेवाला मला आठवतो. त्याला पोराच्या नावानं विमा हवा होता.

“हे म्हणून राहिले, काकाजी, पोराच्या नावानं नोका घेऊ. सोताच्या नावानं घ्या. पोरगा कमावते. तुमी आडवे पडले तं काकू काय खाईन?”

म्हातारा एजंटाकडं बघत राहिला. एजंटानं डावा डोळा मिटला, उघडला. माशी बसली होती.

“भाऊ हो म्हणून राहिले,” म्हातारा म्हणाला. “मंग लिहा.”

नवऱ्याला ती जामसांवलीलाही घेऊन गेली, मारुतीच्या पायावर घालायला. मी सोबत होते. दर्शनाच्या रांगेत उभ्या उभ्या तिनं दोन पॉलिसी ठरवल्या. एक बैतूलकडच्या बाईची, एक तिच्या भावाची. मी म्हटलं, “अगं, मारुतीसमोर तरी ‘हे म्हणून राहिले’ म्हणू नको.”

“मारुतीले सारं ठाऊक हाय, ताई. त्याले काही कोटा भरायचा नाही.”

राहिली सही. फॉर्मवर एजंटाची सही लागते आणि एजंटाचा उजवा हात मांडीवर पडलेला. ती सही तिनं माझ्याच घरी बसून गिरवली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर. लिहिण्याआधी पेन चालतं का ते ती तळहातावर ओढून बघायची. तिचा डावा तळहात सदा निळा. आणि मी काय केलं असेल? मी मास्तरीण. मी तिला गुण दिले. दहापैकी नऊ. शेवटच्या फराट्याला जोर कमी पडत होता, म्हणून एक कापला. दुसऱ्या दिवशी तिनं फराटाही जमवून आणला.

दोन वर्षं असं चाललं. दोन्ही वर्षं कोटा भरला. मग एका सकाळी, शर्ट चढवून झाला होता, पेन लावून झालं होतं, आणि तो खुर्चीतच गेला. मी धावत गेले तेव्हा तिनं सगळ्यात आधी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या ब्लाउजमध्ये खोचलं. रडायचं नंतर.

तेराव्यानंतर तिनं अर्ज टाकला. वारसा कमिशनवर मुलीचं पुढचं शिक्षण आणि हिचं पोट, दोन्ही निघणार होतं. चौकशीला शाखेतून एक अधिकारी येणार असं कळलं. त्या दिवशी सकाळीच ती माझ्या ओट्याशी आली.

“ताई, साहेब शेजाऱ्याले विचारन. तुमी एवढंच सांगजा का हे शेवटपर्यंत काम करत होते. बाकी काही बोलू नोका. हे म्हणून...” आणि थांबली. जरा वेळ माझ्या तुळशीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मी म्हणून राहिली.”

मी म्हटलं, “मला शिकवतेस का तू? अर्धी शाळा मी गप्प बसवते.”

अर्धी शाळा गप्प बसवणं सोपं असतं हो.

अधिकारी जबलपूरकडचा होता. पोरगेलासा, सभ्य, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. ती आत चहा ठेवायला गेली. त्यानं खिडकीतली रिकामी खुर्ची पाहिली आणि मला विचारलं, “भैया आखिर तक काम करते थे?”

“करते थे,” मी म्हटलं. खणखणीत.

त्यानं लिहिलं. मला सही करायला लावली. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं. काम झालं होतं. उठता उठता चांगुलपणानंच तो म्हणाला, “भाभीजी घरेलू औरत हैं, उन्हें ये सब समझ में नहीं आएगा। आप ही ज़रा समझा देना।”

इथं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं.

पण मला ते लागलं. हिला समजणार नाही? मी मुसंडी मारली ती थेट हिंदीत. म्हटलं, समझ में नहीं आएगा? अहो, दोन वर्षांपासून एजंट तीच आहे. भैया तर बोलूही शकत नव्हते. मोपेड कशी शिकली ते सांगितलं, संत्रेवाला सांगितला, जामसांवलीची रांग सांगितली. तो ऐकत होता म्हणून मला आणखी चेव आला. अशी बाई तुमच्या ऑफिसात एक तरी आहे का, असं विचारलं. आणि वर कळस चढवला, “दस्तखत ऐसे करती है कि आप पहचान नहीं सकते। मैंने खुद नंबर दिए हैं।”

त्यानं खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. लिहिलं मात्र नाही लगेच.

“मैडम,” तो हळूच म्हणाला, “मैंने तो पूछा नहीं था।”

मी गप्प झाले. त्या दिवशी पहिल्यांदा.

“अब मुझे लिखना पड़ेगा।”

मग ती चहा घेऊन आली. कपांवर साय धरली होती. मी केवढी शहाणी बघा, तशातही माझ्या मनात आलं, कमिशनचा साहेब घरी आलाय आणि हिला चहा गरम देता येत नाही. त्यानं साय बाजूला न सारता तो तसाच पिऊन टाकला, तिला नमस्कार केला आणि गेला.

पत्र पावसाळ्याच्या तोंडाशी आलं, इंग्रजीतून. ती ते घेऊन माझ्याकडंच आली. आणखी कुणाकडं जाणार. मी वाचून अर्थ सांगितला. एजंट काम करू शकत नव्हता, फॉर्मवरच्या सह्या त्याच्या नव्हत्या, म्हणून ती दोन वर्षं धरता येत नाहीत, एजंटी त्याआधीच संपली असं मानावं लागतं, अर्ज नामंजूर. मध्ये एक ओळ होती, की शेजारणीनं चौकशीत असं असं सांगितलं. ती ओळ मी वाचलीच नाही. पोरांना वर्षानुवर्षं मी म्हणत आले, एकही ओळ गाळायची नाही.

“बरं,” ती म्हणाली. “घडी घालून द्या.”

कोणी सांगितलं असेल, हे तिनं विचारलं नाही. मी मनातल्या मनात तीन उत्तरं तयार ठेवली होती.

मुलगी दिवाळीला पेटी घेऊन परत आली ती छिंदवाड्याला गेलीच नाही. तिसऱ्या वर्षाची फी भरायची मुदत निघून गेली होती. एजंटीणबाई संत्र्याच्या शेडवर माल निवडायला जायला लागली. मोठं फळ इकडं, बारीक तिकडं, डागी खाली. हाताला निळ्याऐवजी संत्र्याच्या सालीचा वास. वर्षभरात मुलीचं लग्न सौंसरला लागलं आणि मागोमाग तीही पोरीकडं राहायला गेली. जाताना मोपेड विकली, खुर्ची मला दिली. मी तिच्यावर कधी बसले नाही. धुतलेले कपडे ठेवते.

पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत राहिले, की ते कधी ना कधी उघडं पडलंच असतं, सही कोणीतरी पकडलीच असती. मास्तरणीला कारणं चांगली सुचतात. सौंसरची बस घरापासून पाऊण तासाची, पण मला ती कधी सोयीची मिळाली नाही. शेवटी रिटायर झाल्यावर, गुडघे गेल्यावर, ती फार आजारी आहे असं ऐकलं तेव्हा मिळाली.

ती खाटेवर बसली होती, निम्मी झालेली. मुलीनं चहा आणला, वाफाळलेला. मुलीकडं मला बघवेना. ती आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. अधिकारी, माझी हिंदी, दिलेले नंबर, गाळलेली ओळ. एकही गोष्ट गाळली नाही. ती तळहातावर बोट ओढत ऐकत होती, पेन चालतं का बघितल्यासारखं.

त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली. तिच्या तेराव्याला जेवायला बसले, तेव्हाही माझ्या कानात तिचं त्या दिवशीचं बोलणंच होतं. ती म्हणाली होती:

“मले ठाऊक हाय, ताई. तुमी बोलत होत्या तवा मी चहा घेऊन दाराआड उभीच होती. आत येऊन तुमाले थांबवता आलं असतं. पण वाटलं, आणखी थोडं बोलू द्या.”