खुबे चालतात का?

हाडं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोक ते घरपोच आणून देतात. नव्वदच्या दशकात मी वागळे इस्टेटमधल्या अशाच एका छोट्या युनिटमध्ये होतो. आम्ही टायटॅनियमचे खुबे बनवायचो आणि त्यांवर सिरॅमिक पावडर वितळवून तिचे थर चढवायचो. हेतू हा, की पेशंटचं हाड त्या थराला घट्ट धरेल.

*

ठाकुर्लीला मुलगी बघायला गेलेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय बनवता?"

"खुबे."

"चालतात का?"

"चालतात म्हणून तर बनवतो."

ते धंद्याबद्दल विचारत होते, हे मला लग्नानंतर कळलं.

*

थर चढवायचं काम देवधरसाहेबांचं. डोंबिवलीचे, शुद्ध बोलणारे आणि खोटं अजिबात न बोलणारे. एकदा पावडरचा ड्रम आणताना जकात नाक्यावर कारकुनानं त्यांना विचारलं, "यात काय आहे?"

"हाडांत असतं तेच खनिज."

"माणसाच्या?"

साहेबांनी नीट विचार केला. "अद्याप नाही."

टेम्पो संध्याकाळी सुटला.

*

सुरुवातीला थर टिकेचना. चाचणी अशी, की थराला गोंदानं दांडा चिकटवायचा आणि मशीनवर ओढायचा. थर पक्का असेल तर आधी गोंद सुटतो. आमचा दर वेळी थरच निघून यायचा, गोंद जागच्या जागी. सेल्समधला पाटकर म्हणाला, "साहेब, आपण गोंदच विकू या ना."

साहेबांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. पुढे बरेच महिने खपून त्यांनी थर टिकवला, खुबे पेशंटना बसू लागले. तरी त्यांना चैन नव्हतं. म्हणायचे, "मशीनवर टिकला. पण आत हाडानं त्याला धरलंय का, हे कोण सांगणार?"

*

एका सकाळी खाडीकडच्या कोळीवाड्यातला एक माणूस इस्पितळातून आमचा पत्ता काढत आला. हातात फडक्याची पुरचुंडी. त्याची आई मासळी विकायची. पडून खुबा मोडला तेव्हा तिला आमचा बसवलेला. आता ती गेली होती. अस्थी गोळा करताना राखेत खुबा सापडला.

"आय सांगून गेली, ज्यांचा हाय त्यांना परत दे."

देवधरसाहेबांनी आधी चपला काढल्या, मग पुरचुंडी उघडली. धातू काळानिळा पडलेला. थरावर हाडाचा एक पांढरा तुकडा होता. साहेबांनी तो अंगठ्यानं हलवून पाहिला. पुन्हा पाहिला.

"सुटत नाही हो," ते म्हणाले.

तो माणूस म्हणाला, "आय पन तशीच व्हती."