तट्ट्याचं दुसरं टोक

आमच्या पोडावर, म्हणजे आम्हा कोलामांच्या वस्तीवर, कोलामी बोलणारी शेवटी दोनच माणसं उरली होती: माझी माय आणि तिचा भाऊ, माझा मामा. केळापूरपलीकडच्या रानातल्या पोडांवर अजून बोलत असतील. आमचं पोड सडकेला लागून, त्यामुळे आम्ही लवकर शहाणे झालो. आठवडी बाजारात लोक आमच्या बोलण्याला हसायचे, म्हणून बापानं कोलामी टाकली आणि पोरांशी वऱ्हाडीच बोलायचं ठरवलं. मायनं ते मुकाट्यानं पाळलं. पण वऱ्हाडी तिला अडखळतच यायची. "जेव." "इकडं ये." "पानी आन." आपली माय अबोल आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

मामा आला की ती समजूत खोटी ठरायची. दोघं मिळून कापूस वाहायच्या बैलबंडीला बाजूंनी लावायचे बांबूचे तट्टे विणायची. बंडीचा तट्टा लांबलचक, एकट्याला आवरत नाही. एका टोकाला माय, दुसऱ्या टोकाला मामा. पोरांच्या कानावर जाऊ नये म्हणून गप्पा दबक्या आवाजात चालत, पण माय हसून हसून डोळे पुसायची. मला मामाचा फार राग यायचा. आमच्या वाट्याला तीन शब्द आणि या माणसाला अख्खी माय!

एकोणीसशे बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला, थंडी सुरू होताना, मामा तापानं गेला. तट्टा अर्धाच राहिला होता. माय रडली नाही. रोज आपल्या टोकाशी जाऊन बसायची, चार कामट्या घालायची आणि थांबायची. बाप मदतीला गेला, तर तिनं हातानंच नको म्हटलं. पुढे पुढे ती "जेव"सुद्धा म्हणेना. मी तेव्हा लग्नाच्या वयाची, तोंडाळ पोरगी, पण खरंच घाबरले. ही अशीच बसून बसून संपणार, असं वाटू लागलं.

एका दुपारी मी जाऊन मामाच्या जागी बसले.

"राहू दे," माय म्हणाली. "तुले नाई जमत."

विणणं मला जमत होतं. बोलणं जमत नव्हतं. त्यांच्या गप्पा माझ्यापर्यंत कधी पोचल्याच नाहीत. ऐकू यायचं ते फक्त मामाचं ओरडणं, त्यामुळे माझी सगळी कोलामी म्हणजे मामाच्या शिव्या. मी त्यातलीच एक झाडली: अगं म्हातारे, काठ वाकडा चाललाय, डोळे काय कावळ्यानं नेले?

आईला कुणी असं म्हणतं? मायचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हमसून हमसून रडली. नाक पुसून तिनं मला कोलामीत असं काही सुनावलं की माझे कान तापले. मी मामाची दुसरी शिवी दिली. माझ्याकडे होत्या एकूण पाच-सहाच. त्या संपल्यावर मी मामासारखी नुसतं "हूं, हूं" करत राहिले आणि माय बोलत राहिली. तट्टा पुरा व्हायला चार दिवस लागले.

हातवाऱ्यांवरून त्यातला पाव हिस्सा मला कळला असेल. तिच्या लहानपणचं, मामाचं, आणखी कशाकशाचं. शेवटच्या दिवशी तिनं माझ्या गालाला हात लावून काहीतरी विचारलं. मी "हूं" म्हटलं. ती समाधानानं हसली.

काय विचारलं होतं, मला आजही माहीत नाही. तेव्हाच विचारून घ्यायचं, तर वऱ्हाडीत विचारावं लागलं असतं.