शेवटचा रकाना

शालिक मेश्राम गेल्या उन्हाळ्यात करडीला राहत्या घरी वारले. भंडाऱ्याच्या एका रुग्णालयात ते फाइली सांभाळत. मूत्रपिंडातून लघवी खाली उतरण्याची वाट अडली की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती मोकळी करतात. अशा प्रत्येक रुग्णाची नोंद त्यांच्या वहीत असे. वहीचा शेवटचा रकाना त्यांनीच आखला होता : 'स्वतः पाहिलं'.

घरच्यांनी फोनवर 'बरा आहे' सांगितलं, तर हा रकाना ते कोरा ठेवत. म्हणत, "बरा हाय हे बायको सांगते. किडनी काय सांगते ते पाहाचं हाय."

या शस्त्रक्रिया सुरू होऊन बरीच वर्षं झाल्यावर मी त्या शस्त्रक्रियांवर बातमी करायला गेलो. डॉक्टर म्हणाले, सगळे रुग्ण बरे आहेत. मी तसं लिहून घेतलं. जिन्यात मेश्रामांनी थांबवलं.

"'सगळे' कापा साहेब. सिहोऱ्याची एक बाई तीन वर्सं तपासनीले आली नाई."

"त्रास असता तर आली असती ना?"

"तुमी पेपरात ऐकीव छापता का?"

मी बातमी थांबवली आणि त्यांच्यासोबत सिहोऱ्याला गेलो. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होता. ती बाई, यशोदाबाई, भाताच्या बांधीत, घोटाभर चिखलात उभी होती.

"मले काईच दुखत नाई भाऊ. कायले आले?"

"दुखत नाई म्हनूनच आलो. दुखलं असतं तं तूच आली असती."

वाट हळूहळू पुन्हा आवळली तर किडनी न दुखताही निकामी होते, हे त्यांनी तिला बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहून समजावलं. तिची सासू ऐकत होती.

"रोवना टाकून कोनी जाते का? मानसं भेटून नाई राहिले."

मेश्रामांनी चपला काढल्या, पँट दुमडली. "आज मी राबतो. उद्या सून मले द्या."

बाया रोवत होत्या. ते पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या त्यांच्याकडे फेकत होते. नेम चुकत होता.

"मेश्रामभाऊ, हे पऱ्हे हाय, फाइली नोहे," सासू म्हणाली. "हातापाशी फेका."

"फेकून राहिलो माय. सवय नाई."

दिवस मावळेपर्यंत ते बांधीतून बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने यशोदाबाई आली. सासूही सोबत होती. स्कॅनमध्ये वाट पुन्हा अरुंद झालेली दिसली. किडनी सुजली होती, पण काम करत होती. दुर्बिणीनेच वाट पुन्हा मोकळी केली गेली. बातमी नंतर छापून आली. 'एका रुग्णाला दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली' हे वाक्य डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं होतं.

निवृत्त होताना मेश्रामांनी वही एका परिचारिकेकडे सोपवली. "बाकी काई चुकलं तं चालते, सिस्टर. हा रकाना फोनवर भरू नोका."

यशोदाबाई यंदाचा रोवणा आटोपून तपासणीला आली. किडनीतून लघवी मोकळी उतरत होती. तिच्या नावापुढे, शेवटच्या रकान्यात परिचारिकेची सही आहे.