संघर्ष ठरल्याशिवाय पोहे नाहीत

संघर्षसरांना मी हसताना पाहिलं आहे, रागावताना पाहिलं आहे, पण गोष्ट ऐकताना कधी पाहिलं नाही. विनोदी कथा चालू असो, सगळी खोली खिदळत असो, सर फळ्याजवळच्या खुर्चीत मार्कर हातात धरून बसलेले, डॉक्टर एक्स-रे बघतो तसा चेहरा करून. कथा संपली की ते उठत, फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारत, डावीकडे ‘बाह्य संघर्ष’ आणि उजवीकडे ‘आंतरिक संघर्ष’ असं लिहीत आणि आमच्याकडे वळून विचारत, “हां, तो मंडळी, नायकाचा संघर्ष काय?” त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना चटकन आठवत नसे, आणि आठवायची गरजही पडली नाही.

मी कंपनीच्या बदलीवर नाशिकहून इंदूरला आले, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी मराठी कानावर पडावं म्हणून या कथामंडळात जायला लागले. पलासियातल्या एका कोचिंग क्लासच्या वर्गात रविवारी सकाळी ते भरायचं. क्लास सरांचाच. आठवडाभर ते तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून उत्तरं पाठ करून घेत आणि रविवारी आमच्याकडून.

मंडळाचा एक नियम होता, आणि तो अर्थात सरांनीच केलेला. खालच्या गाडीवरून गरम पोहे येत, वर शेव आणि जीरावन नावाचा इंदुरी मसाला भुरभुरलेला. पण संघर्ष फळ्यावर लिहून झाल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे आमच्या साहित्यचर्चेला एक विलक्षण वेग आला होता. वास सुटला की कुलकर्णीकाका, म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सभासद, हात वर करून “एकाकीपणा” असं सांगून टाकत. एकाकीपणा कधीच चुकत नसे. नायिका भाजी चिरत असली तरी एकाकी, वरातीत नाचत असली तरी आतून एकाकी. काका फारच घाईत असले तर “समाज विरुद्ध व्यक्ती” म्हणत आणि प्लेट जवळ ओढत. निम्मं मराठी कथावाङ्मय आम्ही अशा रीतीने पोह्यांसाठी निकालात काढलं.

सर पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करत आणि थेट शेवटच्या पानावर जात. एकदा मी न राहवून विचारलं की मधलं कधी वाचता. ते अजिबात शरमले नाहीत. म्हणाले, “मधे फक्त तपशील असतो, मॅडमजी.” या वाक्याचा मला इतका संताप आला होता की ते मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं. माणसं जगतात ती सगळी मधेच की! पण सरांना माणसं नकोच होती, पात्रं हवी होती. कुलकर्णीकाकांच्या पत्नी हॉस्पिटलात होत्या तेव्हा आम्ही भेटायला गेलो. सरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, “आत्ता तुमच्या मनात आंतरिक संघर्ष काय चाललाय?” काका म्हणाले, “डब्याचा. इथलं जेवण तिला चालत नाही.” सरांची निराशा लपली नाही. त्यानंतर दोन्ही वेळचा डबा काकूंना आमच्या घरून गेला. सरांनी मात्र पुढच्या रविवारी ‘आजारपण आणि आधुनिक कथा’ असा विषय ठेवला.

सुजाता मंडळात आली ती महूहून. बँकेत अधिकारी, बोलायला मोकळी, आणि हसली की दारापर्यंत ऐकू येईल अशी. तिचे आजोबा फौजेतले हवालदार. त्यांनीच तिला वाढवलेलं. घर बौद्ध, शिस्तीचं, आणि तिच्या सांगण्यावरून भयंकर विनोदी. बरेच महिने ती नुसती ऐकत बसली आणि मग एका रविवारी स्वतःची पहिली कथा घेऊन आली.

कथा सोफ्याची होती. आजोबा पेन्शनीतून नवा सोफा आणतात. दुकानदार त्यांना मानाने बसवतो, कोल्ड्रिंक पाजतो. सोफा घरी येतो, पण त्याच्यावरचं प्लास्टिक काढायला आजोबा मनाई करतात, कारण वस्तू नवी राहिली पाहिजे. उन्हाळ्यात त्यावर बसलं की पाय चिकटतात, म्हणून सगळं घर सोफ्यासमोर जमिनीवर बसतं, आजोबाही. पाहुणे आले की तेही खाली. आजी रोज प्लास्टिक पुसते आणि रोज पुटपुटते. बस, एवढीच कथा. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. काकांना तर एकाकीपणा आठवलाच नाही.

सरांनी रेघ मारली आणि दोन्ही बाजू कोऱ्याच राहिल्या, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, “देखो सुजाताजी, भाषा बढिया आहे. पण यात संघर्ष कुठे आहे? तुमच्याकडून वेदना अपेक्षित आहे.”

सुजाताने शांतपणे विचारलं, “तुमच्याकडून म्हणजे कोणाकडून, सर?”

“मतलब, तुमची जी पार्श्वभूमी आहे, त्यातून.”

सुजाता म्हणाली, “वेदना होती ना सर आमच्या घरी. भरपूर होती. पण त्या दिवशी सोफा आला होता.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल. तो बसला नाही. त्याने ‘सामाजिक?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं आणि पोह्यांना परवानगी दिली.

मंडळाचा दिवाळी अंक निघे आणि संपादक अर्थात सर. सुजाताची कथा ते घेणार होते, पण एका अटीवर. सोफ्याच्या दुकानात दुकानदार आजोबांचा अपमान करतो, असा प्रसंग तिने घालावा. तिने नकार दिला. असं काही घडलंच नव्हतं. शिवाय आजोबा हयात होते, नजर गेली होती, आणि आपला सोफा छापून येणार म्हणून रोज अंकाची चौकशी करत होते. सर “ठीक आहे” म्हणाले. आम्हाला वाटलं, विषय संपला.

अंक आला. सुजाताने तो घरी नेला, आजोबांना खुर्चीत बसवलं आणि वाचायला घेतला. आणि मधेच तिने न लिहिलेला परिच्छेद आला. दुकानदार आजोबांना दाराबाहेर उभं करतो, जात विचारतो, आणि आजोबा मान खाली घालून उभे राहतात. ती थांबली, पण आजोबांनी पुढे वाचायला लावलं. ऐकून ते एवढंच म्हणाले, “हे कधी झालं बेटा? मी कोणासमोर मान खाली घातली?” मग त्यांनी विचारलं की हे महूतल्या सगळ्यांनी वाचलं असेल का.

पुढच्या रविवारी तिने हे सरांना सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही. पुढच्या अंकात मूळ कथा आणि खुलासा छापा, आजोबा आहेत तोवर छापा, इतकंच मागितलं. सर कळवळून म्हणाले, “अहो, पण पात्र केवढं मोठं झालं! और खुलासा छापायला हे काय न्यूजपेपर आहे?” त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली, ती आजही गेलेली नाही. ज्याने आयुष्यात कोणासमोर मान झुकवली नाही, त्याची मान या गृहस्थाने खुर्चीत बसल्या बसल्या झुकवली होती, आणि वर ते त्याच्यावर उपकार केल्यासारखं बोलत होते. आम्ही काहीजण भांडलो. सरांनी ‘लेखक विरुद्ध संपादक’ हा नवा संघर्ष फळ्यावर लिहिला. सुजाता यायची बंद झाली.

मग सरांनी क्लास विकला आणि मुलाकडे बंगळूरला जायचं ठरवलं. निरोपाच्या बैठकीत कोणी काय वाचायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी सुजाताला फोन केला. मधे आमचा संबंध सणांच्या शुभेच्छांपुरता उरला होता, त्यामुळे ती येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. तिने मूळ कथा वाचली, एक शब्द इकडेतिकडे न करता. कोल्ड्रिंक पाजणारा दुकानदार, चिकटणारे पाय, पुटपुटणारी आजी. आम्ही पुन्हा तसेच हसलो.

सर सवयीने उठले. रेघ मारली. वळून म्हणाले, “हां, तो मंडळी...” आणि काकांनी त्यांच्याकडे बघत बघत पोह्यांची प्लेट उचलली. मग मी उचलली. मग सगळ्यांनीच. सर मार्कर धरून उभे राहिले आणि खोलीत फक्त चमच्यांचा आवाज. मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग सर सुजाताकडे वळले आणि वेगळ्याच, जरा बावळट आवाजात म्हणाले, “मग ते प्लास्टिक काढलं का कधी?”

इतक्या वर्षांत गोष्टीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

सुजाता म्हणाली, “हो सर. आजोबा गेले त्या दिवशी. लोकं भेटायला आली होती ना, तर आजीनं स्वतः फाडलं. म्हणाली, आता बसू दे सगळ्यांना.”

आमचे चमचे थांबले. सरांनी मार्करला टोपण लावलं आणि खुर्चीत बसले. माफी त्यांनी मागितली नाही. तेवढी अक्कल त्यांना त्या दिवशीही आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

पुढचा अंक मी काढला. सोफ्याची कथा मूळ रूपात छापली, वर खुलासा, आजोबांच्या नावानिशी. ऐकायला आजोबा नव्हते. छपाईला देण्याआधी सुजाताने कथेच्या शेवटी एक ओळ वाढवली, आजीने प्लास्टिक फाडल्याची. ती ओळ फार चांगली आहे, आणि ती सरांच्या प्रश्नामुळे आली आहे. हे कबूल करणं मला जड जातं, पण गाळलं तर तेही खोटंच होईल, आणि खोटा परिच्छेद घालण्याचं काम मी त्यांच्याकडेच ठेवते.