थर्झाची डावी बाही

थर्झा कॅपलमन चालता चालता विणायची. डोक्यावर शिंपल्यांची टोपली, पायाखाली ओले दगड, आणि बोटं मात्र आपल्या मनाने चाललेली. यॉर्कशायरच्या त्या किनाऱ्यावर, हॉब्सविक गावात, विणता न येणारी मुलगी नव्हती. पण थर्झाचे टाके असे घट्ट बसत की समुद्राचं पाणीही आत शिरताना विचार करी.

गावात मुलीने एखाद्याला शब्द दिला, ती त्याची वाग्दत्ता झाली, की तो तिच्यासाठी लाकडाची छोटी पट्टी कोरायचा. ती पट्टी कमरेला खोचून, तिच्यात सुई टेकवून, मुलगी त्याचं निळं स्वेटर विणायची. लग्नाच्या दिवशी तो तेच घालायचा. आणि शब्द मोडलाच, तर मुलगी बंदरावरच्या बाकावर बसून सगळ्यांदेखत ते उसवायची. मग कुणी काही विचारायचं नाही.

रूबेनने थर्झाच्या पट्टीवर हेरिंग मासा कोरला होता. स्वेटर पुरं होत आलं, आणि शरदातल्या मासेमारीत जाळ्याचा दोर ओढणाऱ्या यंत्रात रूबेनचा डावा हात अडकला. कोपराखालचा हात गेला.

इस्पितळातून आल्यावर तो तिच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. "थर्झा, तुझा शब्द तुला परत. एका हाताच्या माणसाशी बांधून घेऊ नकोस," एवढं बोलून तो वळला. ती दाराबाहेर येईपर्यंत तो उतार उतरून गेला होता.

रात्रभर ती रागाने धुमसली. सकाळी स्वेटर उचलून उजेड होता तिथे जाऊन बसली, आणि डावी बाही मनगटापासून उसवू लागली. बाह्या खांद्यापासून खाली विणलेल्या असतात, त्यामुळे धागा सरसर सुटत होता. आपण कोणत्या बाकावर बसलोय, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नाही.

गावाच्या मात्र आलं. जाळी दुरुस्त करणाऱ्या बायकांपैकी एक रूबेनच्या घराकडे धावली. थोड्याच वेळात रूबेनची आई डॅमारिस अ‍ॅप्रनला हात पुसत तरातरा आली.

"एक दिवस तरी धीर धरायचास गं! काल पोरगं बोललं काय, आज उसवायला बसलीस? ते तिकडे बोचकं बांधतंय. मामाकडे शेतावर जातो म्हणतंय. जन्मात बटाटा उकरला नाही त्याने!"

थर्झाने मान वर केली. बाक पाहिला, बायका पाहिल्या. "अगं बाई! मावशी, मी नुसती डावी बाही उसवतेय."

"डावीच का?"

"मग काय, रिकामी बाही लोंबत ठेवू? पुन्हा त्याच यंत्रात अडकेल. कोपरापर्यंत आणून तोंड बंद करणार आहे. पण माप हवं. बोलवा त्याला."

डॅमारिस तिथेच बाकावर बसली, अ‍ॅप्रन डोळ्यांना लावून हसली की रडली कळेना. मग उठून उताराकडे अशी ओरडली, की सीगल उडाले.

रूबेन आला तो काखोटीला बोचकं मारूनच. कोटाची डावी बाही टाचणीने दुमडलेली.

"मी तुला मोकळं केलं होतं," तो म्हणाला.

"शब्द माझा. परत घ्यायचा की नाही, मी बघेन. कोट काढ."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"उसवलं सगळ्यांसमोर, आता माप कोपऱ्यात घेऊ?"

त्याने बोचकं खाली ठेवलं. टाचणी काढायला वेळ लागला. तिने मदत केली नाही. त्याने कोट उतरवला, आणि इस्पितळातून आल्यापासून कुणाला न दाखवलेला हात पुढे केला. थर्झाने निळा धागा खांद्यापासून टोकापर्यंत धरला.

"हलू नकोस रे."

"हसू येतंय."

"मग हस. पण हात हलवू नकोस."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं पुकारली. रूबेन एका हाताने सुकाणू धरायला शिकला आणि म्हातारपणापर्यंत समुद्रावर गेला. त्या स्वेटरच्या उजव्या बाहीचं मनगट किती वेळा झिजलं, थर्झाने किती वेळा उसवून नवं विणलं. डाव्या बाहीला मात्र त्या दिवसानंतर कधी सुई लावावी लागली नाही.