मागच्या खोलीतली रोपं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या अलिबागच्या घरात, मागच्या बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात गांजाची कलमं वाढत होती आणि ती मीच लावून घेतली होती.

ती सांभाळायला जवळच्या थळ गावचा एक जण यायचा. पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळी किडीचा त्याला धसकाच. एकेक पान उलटं करून, श्वास रोखून बघायचा. मी नारळीच्या वाडीतून सरळ आत शिरलो की खेकसायचा, "काका, आधी आंघोळ करून या! कीड काय दार वाजवून येते?" मालक असून मी निमूट मागे फिरायचो.

पोलीस आले त्या दुपारीही तो पानं पुसत होता. "साहेब, बूट भायेर काढा, कीड येईल," म्हणाला. हवालदार हसला.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "खोली त्याला भाड्याने दिलीय. आत काय करतो, मला माहीत नाही."

त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "व्हय साहेब, रोपं माझीच हायत. काकांना मीच आत येऊ देत न्हवतो."

तो अजून तुरुंगात आहे. रोपं माझी होती, हे कोर्टात जाऊन सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो.